हळदीचं रीडिंग

"दहा लिही," नाजनीन ओठ न हलवता म्हणाली.

ही तिची खास कला. समोरून बघणाऱ्याला वाटावं, पोरगी काचेच्या नळीकडे डोळे लावून बसलीय, किती ते लक्ष.

"दहा?"

"दहा, दहा पॉइंट एक, दहा. मधलं जरा हलवायचं, म्हणजे खरं वाटतं. पुढून आलंय."

पुढून म्हणजे ओजस बोधलेकडून. तो पहिल्या टेबलावर असायचा. प्रॅक्टिकल सुरू होऊन थोडा वेळ झाला की त्याच्याकडून आकडा निघायचा आणि टेबलाटेबलावरून फिरत आमच्या शेवटच्या टेबलापर्यंत यायचा. आम्ही त्याला प्रसाद म्हणायचो. "प्रसाद आला का?" असं विचारायचं, आला की दोन्ही हातांनी घ्यायचा, आणि नाही म्हणायचं नाही. बार्शीच्या आमच्या शाळेत अकरावी-बारावीच्या कितीतरी बॅचेस ह्या प्रसादावर पास झाल्या असतील. कुणाच्या पोटात दुखलं नाही.

त्या दिवशी मात्र माझं दुखत होतं. कारण ते साधं प्रॅक्टिकल नव्हतं. माझा निकाल होता.

दिवाळीच्या आधी सहामाहीत मी केमिस्ट्रीत नापास झाले होते. थोडीथोडकी नाही, चांगली दणकून. वायचळ सरांनी आईला बोलावून घेतलं. आई दुकान अर्धं लावून आली, खांद्यावर टेप तसाच. सर म्हणाले, "ताई, पोरगी चलाख आहे, पण आकडेमोड दिसली की हिचा चेहरा उतरतो. आर्ट्सला घाला. अजून वेळ गेलेली नाही." आई खांद्यावरचा टेप गुंडाळत राहिली. मीच बोलले. म्हणाले, एक संधी द्या. सरांनी जरा विचार करून सांगितलं, सुट्टीनंतर टायट्रेशनची टेस्ट आहे, त्यात वीसपैकी सात पाड, तर सायन्सला राहा. नाहीतर सोमवारपासून खालच्या मजल्यावर आर्ट्सच्या वर्गात बसायचं. मला न्यायवैद्यकच्या लॅबमध्ये काम करायचं होतं. आर्ट्सला गेले तर ते तिथंच संपणार होतं.

म्हणजे बघा, दहा लिहायचे, वर एक सूत्र लिहायचं, खाली दोन रेघा मारायच्या. सात मार्क कुठंच गेले नव्हते. प्रसाद हातात होता.

आणि माझं रीडिंग काही केल्या दहाच्या जवळपाससुद्धा जात नव्हतं.

टायट्रेशन म्हणजे तसं साधं काम आहे. खाली फ्लास्कमध्ये ॲसिड घ्यायचं, मोजून दहा मिली. वर उभ्या ब्युरेटमध्ये कॉस्टिक सोडा. फ्लास्कमध्ये इंडिकेटरचे दोन थेंब टाकायचे आणि वरून सोडा थेंब थेंब सोडत फ्लास्क हलवत राहायचं. ॲसिड संपलं की इंडिकेटर रंग बदलतो. तिथं थांबायचं, ब्युरेट वाचायची. सोड्याची ताकद माहीत असते, त्यावरून ॲसिडची ताकद काढायची. सुट्टीभर मी हेच केलं होतं. बाकीच्या पोरी फराळ वाटत फिरत होत्या आणि मी दुकानात ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यांवर पालथी पडून एन वन व्ही वनचं सूत्र घोटत होते. घोटता घोटता एके दुपारी ते मला चक्क कळलं. कळल्यावर असं झालं की समोरच्या भांड्यांच्या दुकानातल्या काकूंना जाऊन सांगावं. सांगितलंही. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, चकली खा."

"काय बघत बसलीस?" नाजनीन म्हणाली. "पिवळा झालाय की तो. लिही."

"कुठला पिवळा?"

"आता पिवळ्यात कुठला आणि कुठला."

हे तिनं मला विचारायला नको होतं. आमचं दुकान मॅचिंग सेंटरचं आहे. 'स्वरूपा मॅचिंग सेंटर', माझंच नाव. त्यामुळे शाळेत मला हंचाटे म्हणणारे थोडे आणि 'ए मॅचिंग' म्हणणारे जास्त. मी चालायला लागले ती फॉल आणि अस्तरांच्या ताग्यांमधून. हळदी वेगळा, लिंबू वेगळा, मोहरी वेगळा, सोनसळी वेगळा. बायका साडी घेऊन येतात, "ह्यातला आमसुली द्या" म्हणतात, आणि साडी असते वांगी. तेव्हा आई एकच करते. साडी आणि कापड दोन्ही उचलते आणि दुकानाच्या पायरीवर जाते. "ट्यूबलाइटखाली सगळेच रंग खोटं बोलतात, ताई. उजेडात या." गिऱ्हाईक घाईत असलं तरी, वैतागलं तरी. उजेडात बघितल्याशिवाय आमच्या दुकानातून कापड कापलं जात नाही.

आणि आमच्या लॅबमध्ये ट्यूबलाइट होत्या. त्यातही एक फडफडणारी.

मी फ्लास्क उचलला आणि दाराकडे निघाले.

"हंचाटे," सर टेबलावरून मान वर न करता म्हणाले, "कुठं?"

"उजेडात, सर."

सगळा वर्ग हसला. ओजस म्हणाला, "सर, ती पायरीवर चाललीय. फॉल पण लावून आणेल."

"टेबल सोडून फ्लास्क न्यायचा नाही, माहीत आहे ना?" सर म्हणाले.

"माहीत आहे, सर." आणि मी गेले. आजही मला नीट सांगता येणार नाही, पाय कसे उचलले ते. पण उचलले.

व्हरांड्यात ऊन होतं. फ्लास्क उन्हात धरला. मला शंका होती तेच. रंग बदललेला नव्हता, रंग सरकत होता. सुरुवातीला तांबूस गाजरी, मग केशरी, मग हापूस आंब्यासारखा, मग हळदी. कुठंही उडी नाही. नवीन लुगडं धुण्यात पडून हळूहळू फिकट व्हावं तसं. मग शेवट म्हणायचा कशाला?

परत आत येऊन मी तीन वेळा केलं. अडीच. साडेतीन. तीन. थांबेन तिथं रीडिंग.

"तीन?" नाजनीननं माझ्या पानात डोकावलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, दहा कुठं आणि तीन कुठं. आर्ट्सला जायचंय का तुला? तिथं जाऊन इतिहास पाठ करशील?"

"ह्याला शेवटच नाही, नाजू."

"सगळ्यांना आला, तुलाच नाही?"

मी ॲसिडच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली. ॲसिटिक ॲसिड, शून्य पॉइंट एक नॉर्मल ताकदीचं. व्हिनेगरमधलं. मग इंडिकेटरची बाटली फिरवून बघितली. मिथिल ऑरेंज.

आणि मला हसू यायला लागलं. असं नको तिथं येणारं हसू.

ते ॲसिड मवाळ आहे. मवाळ ॲसिड आणि कडक सोडा एकत्र आले की शेवट बरोबर मध्यावर येत नाही, थोडा सोड्याच्या बाजूला सरकून येतो. तिथंच रंग उडी मारतो, पण तिथं बदलणारा इंडिकेटर असला तर. मिथिल ऑरेंज बदलतो त्याच्या कितीतरी आधी, ॲसिड भरपूर शिल्लक असतानाच. साडी उलगडताना पहिल्याच निरीला कुणी "पदर आला" म्हणून ओरडावं, तसं. त्याचं काय चुकलं? बिचाऱ्याला बसवलंच चुकीच्या जागी. ह्या कामाला फिनॉल्फ्थॅलीन लागतं, सोड्याच्या बाजूला गुलाबी होणारा इंडिकेटर. अख्खं पुस्तक तेच सांगतं.

मी हात वर केला. "सर, फिनॉल्फ्थॅलीन मिळेल?"

"जे टेबलावर आहे त्यात करायचं."

"ह्यात होत नाही, सर."

"बाकीच्यांचं झालं."

"त्यांनी बघितलंच नाही, सर."

  नाजनीननं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. ओजस मागं वळून माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या बघण्यात 'तू बाहेर ये' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

सर उठले. वायचळ सर आवाज चढवत नाहीत, चष्मा काढतात. त्यांनी चष्मा काढला. "मग तू बघ. घंटेपर्यंत वेळ आहे. शेवट सापडला तर सांग. नाही सापडला तर आपलं ठरलंय ते ठरलंय."

"हो, सर."

आता आली का पंचाईत. शेवट शोधायचा कशानं? मी लॅबभर नजर फिरवली. कपाटं, बरण्या, तराजूची काचेची पेटी. तराजूवर अजून वाळलेला झेंडू होता आणि पेटीच्या काचेला बोटं ओढलेली होती, पिवळी आणि लाल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला लॅबमध्ये आम्हीच पूजा केली होती. तराजूला, ब्युरेटच्या स्टँडला, सगळ्यांना हळदीकुंकू. पुड्या अजून कपाटावर, फोटोपुढं ठेवलेल्या होत्या.

हळद.

आमच्या दुकानात काउंटरवर डबा उघडायची बंदी आहे. लहानपणी एकदा मी भाजीचा हात गुलबक्षी अस्तराला नाही, नेमका पांढऱ्या रुबियाच्या कापडाला पुसला होता. आईनं साबण लावला आणि पिवळा डाग बघता बघता लाल झाला. मी रडायला लागले, मला वाटलं कापडाला रक्त आलं. आई म्हणाली, "हळद आहे ती. तिला साबण सोसत नाही. पाण्यात टाक, परत पिवळी होईल." साबण म्हणजे सोड्याच्या बाजूचा. हळद ॲसिडमध्ये पिवळीच राहते, साध्या पाण्यात पिवळीच राहते, आणि सोड्याच्या बाजूला पाऊल पडलं की लाल.

मला जिथं हवं, तिथंच.

मी स्टूल ओढलं, वर चढले आणि हळदीची पुडी काढली.

"ए मॅचिंग," ओजस म्हणाला, "भाजी टाकतेस का? मीठ पण घे."

"तू दहा खा," मी म्हणाले. "तुझं पोट भरलंय."

परीक्षानळीत चिमूटभर हळद घेतली, बर्नरशेजारच्या बाटलीतलं स्पिरिट ओतलं, हलवली आणि गाळ खाली बसू दिला. वरचं स्पिरिट झालं सुंदर पिवळंधमक. नवीन फ्लास्क, दहा मिली ॲसिड, त्यात हळदीचे थेंब. ब्युरेट शून्यावर. आणि सोडायला लागले.

पिवळा. पिवळा. पिवळा. तीन गेले, साडेतीन गेले, रंग ढिम्म हलत नाही. पाच. सहा. नाजनीन आपलं पान सोडून माझ्याकडे बघायला लागली. सात झाले आणि थेंब पडेल तिथं लाल दोरा दिसायला लागला. हलवलं की गायब. परत दोरा, परत गायब. मी तोटी आवळली. एक थेंब. हलव. एक थेंब. हलव. आणि एका थेंबाला तो लाल दोरा गेलाच नाही, पसरला, आणि अख्खा फ्लास्क तांबूस झाला. कुंकू भिजल्यासारखा. अर्धवट नाही, हळूहळू नाही. एका थेंबात.

"या अल्ला," नाजनीन हळूच म्हणाली.

उजेडात नेऊन बघितला. ह्यावेळी सरांनी हाक मारली नाही.

आत येऊन रीडिंग घेतलं. आठ पॉइंट चार.

मला वाटलं वाचायला चुकले. डोळा पातळीवर आणून परत बघितलं. आठ पॉइंट चारच. दुसरा फ्लास्क केला. आठ पॉइंट चार. तिसरा, आठ पॉइंट चार.

"मेलीस," नाजनीन म्हणाली. "तीन पण नाही आणि दहा पण नाही. स्वरूपा, ऐक माझं. तुझ्या पाया पडते. दहा लिही. शेवट सापडला म्हण, हळद दाखव, आणि दहा लिही. सर खूश होतील. तुला सायन्स मिळेल."

ती खरं बोलत होती. सरांच्या उत्तराच्या कागदावर दहाच असणार होते. ॲसिडची ताकद सोड्याएवढीच ठरलेली, मग दहाला दहा. मी हळदीची करामत दाखवून दहा लिहिले असते तर माझी आरतीच झाली असती. आणि घंटा व्हायला आली होती.

मी फ्लास्ककडे बघितलं. तो तांबूसच होता. त्याला माझं आर्ट्स-सायन्स काही ठाऊक नव्हतं.

मी आधीची तीन रीडिंग्ज खोडली आणि लिहिलं, आठ पॉइंट चार. खाली गणित केलं. सोड्याची ताकद गुणिले आठ पॉइंट चार, भागिले दहा. उत्तर शून्य पॉइंट शून्य आठ चार नॉर्मल. आणि त्याखाली, कुणी विचारलेलं नसताना, एक ओळ: 'बाटलीवर शून्य पॉइंट एक लिहिले आहे, ते मला मिळाले नाही.'

घंटा झाली. सरांनी पानं गोळा केली. माझ्या पानाशी थांबले.

"आठ पॉइंट चार?"

"हो, सर."

"ॲसिड शून्य पॉइंट एकचं आहे. दहा यायला हवेत."

"नाही येत, सर. ॲसिड पातळ असेल, नाहीतर सोडा कडक असेल. दोन्हीतलं काय ते मला कळलं नाही. पण दहा नाहीत."

"हळद चुकत असेल."

"मग तुम्ही करून बघा, सर."

आता हे जास्त झालं, मला कळत होतं. मागं पोरांच्या बॅगांचे आवाज थांबले. कुणी बाहेर जाईना.

सरांनी बाह्या दुमडल्या. पिपेट भरली. हळद घातली. त्यांचा हात बघण्यासारखा होता, तोटीवर बोटं अशी की थेंबसुद्धा विचारून पडावा. आम्हाला शिकवताना त्यांनी कधी स्वतः केलेलं मी बघितलं नव्हतं. लाल दोरा आला, गेला, आला, गेला, आणि राहिला. सरांनी फ्लास्क उचलला आणि आपण होऊन, कुणी न सांगता, दारात नेला. उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले.

मग आत आले आणि ब्युरेट वाचली.

"आठ पॉइंट चार," ते म्हणाले.

ओजस म्हणाला, "पण सर, आमचे दहा..."

"तुमचे दहा," सर म्हणाले. चष्मा काढून हातात धरला. "सकाळी मी बाटली बघितली तर ॲसिड आजच्या दोन बॅचेसना पुरेल असं वाटेना. मीच त्यात पाणी घातलं. अंदाजानं. म्हटलं, ह्यांना काय फरक पडतो." त्यांनी चष्म्याची काडी दुमडली. "फिनॉल्फ्थॅलीन तर दिवाळीच्या आधीच संपलंय. ऑफिसला सांगितलंय, येईना. मिथिल ऑरेंज ठेवला. मला माहीत होतं त्यात शेवट दिसत नाही. ह्या आठवड्यात तुमच्या आधी तीन बॅच त्यावर होऊन गेल्या. एकजण येऊन म्हणाला नाही की सर, दिसत नाही. सगळ्यांना दहा आले."

 सरांकडे बघवत नव्हतं. रागावलेले सर परवडतात.

"तुमची टेस्ट रद्द," ते शेवटी म्हणाले. "सगळ्यांची. शनिवारी परत."

"माझी पण, सर?" मी विचारलं.

त्यांनी माझं पान घेतलं आणि लाल पेन काढलं. "टेबल सोडून फ्लास्क नेला, दोन मार्क गेले. न विचारता स्टुलावर चढली, दोन. न विचारता पदार्थ मिसळला, तीन. मिथिल ऑरेंजची रीडिंग्ज खोडली, खोडायची नसतात, त्याचा एक." पेन चालू होतं.  "राहिले बारा."

"सायन्सला राहू का, सर?"

"मला विचारून थोडीच राहणार आहेस."

बाहेर आल्यावर वर्गानं माझं जे स्वागत केलं ते लिहिण्यासारखं नाही. अख्ख्या बॅचला शनिवारी बोलावलं होतं, आणि शनिवारी गावात यात्रा होती. ओजस म्हणाला, "शहाणपणा दाखवायचा तर एकटीनं दाखवायचा, आम्हाला कशाला ओढलंस?" मी म्हणाले, "मी एकटीच दाखवत होते. तुम्ही सगळे दहावर येऊन बसलात." नाजनीन दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डबा उघडून म्हणाली, "हळद जास्त पडलीय, तुला चालेल."

घरी गेले तर आई पायरीवर उभी राहून कुणाच्या तरी साडीला अस्तर लावून बघत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "काय झालं?"

"उजेडात नेऊन बघितलं," मी म्हणाले.

"मग बरोबर असेल," आई म्हणाली आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "ताई, हा नाही, दुसरा दाखवते."

शनिवारी लॅबमध्ये गेलो तर प्रत्येक टेबलावर वेगळी बाटली. चिठ्ठीवर ताकद नाही, नुसता टेबलाचा नंबर. सरांनी फिनॉल्फ्थॅलीन स्वतः कुठूनतरी आणलं होतं, छोट्या औषधाच्या बाटलीत. पहिल्या टेबलाचा प्रसाद दुसऱ्या टेबलाला चालणार नव्हता. माझी टेस्ट झालेली होती, पण मी गेले. मला बघायचं होतं.

थोड्या वेळानं लॅबमध्ये कुणीच नव्हतं. सगळे व्हरांड्यात. ओळीनं उभे, हातात फ्लास्क, फ्लास्क उन्हात धरलेले, आणि कालवा चाललेला. हा गुलाबी का नाही, हा झाला का व्हायचाय, अजून एक थेंब लागतो का. सर दारात उभे होते आणि कुणालाही "टेबल सोडलं" म्हणत नव्हते.

ओजस घामाघूम होऊन माझ्यापाशी आला. फ्लास्क माझ्या नाकासमोर धरला. आत अगदी फिकट, ओठांना लावून पुसल्यासारखा गुलाबी होता. बरोबर शेवट. आणखी एक थेंब पडला असता तर गडद राणी रंगाचा झाला असता.

"हंचाटे," तो म्हणाला, पहिल्यांदाच हंचाटे, "झालं का गं हे? सांग की."

मी हात मागं बांधले.

"तुझा फ्लास्क आहे," मी म्हणाले. "तू बघ."